डिस्फर्लिनचे तीन बदल : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

न्यूरोलॉजिस्टांकडून आलेल्या तीन जनुक-अहवालांवर आजपासून काम सुरू. तिन्ही अहवालांत डिस्फर्लिन या स्नायूंमधल्या प्रथिनाच्या जनुकात एकेक अक्षर बदललेलं सापडलंय आणि तिन्हींवर शेरा एकच आहे, ‘अर्थ अनिश्चित’. २०१५च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सापडलेला प्रत्येक बदल पाचांपैकी एका खान्यात टाकतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या खान्यात अडकलेल्या घराला पुढे काहीच करता येत नाही. निदान पक्कं होत नाही, भावंडांची तपासणी करून हाती काही लागत नाही, पुढच्या गरोदरपणाबद्दल विचारलं तर डॉक्टरांकडे सांगायला ठोस काही नसतं.

आजाराबद्दल थोडं, म्हणजे लॅबमध्ये नव्याने आलेल्यांनाही या नोंदी वाचता येतील. डिस्फर्लिन नीट नसलं की लक्षणं साधारण विशीच्या आसपास दिसू लागतात. तोवर मूल धडधाकट असतं, यातले कित्येक जण शाळा-कॉलेजात चांगले खेळाडू असतात. मग एक दिवस टाचा उचलून चवड्यांवर उभं राहता येत नाही, किंवा जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. पोटऱ्यांपासून सुरुवात झाली तर मियोशी मायोपॅथी म्हणतात, कंबर-मांड्यांपासून झाली तर लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी. जनुक तेच. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एंझाइम, हजारोंच्या घरात जातं. बायोप्सीत दाहपेशी दिसतात, म्हणून पॉलिमायोसायटिस (स्नायूंचा दाह) समजून वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिलं जातं. डिफ्लाझाकॉर्ट या स्टेरॉइडची रीतसर चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फायदा दिसला नाही, उलट ताकद कमी होण्याकडेच कल होता. म्हणजे चुकीचं निदान इथे नुसतं कागदावर राहत नाही, ते रोज गोळीच्या रूपात पोटात जातं. हा प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णांची लेखी संमती फाइलला लावली आहे. नावं आमच्यापर्यंत येतच नाहीत. बदलांना आम्ही क, ख आणि ग म्हणणार.

१४ जून

कुठल्या पेशींत काम करायचं यावर मॅडमशी बसून बोलणं झालं. एचईके पेशी सोप्या, डीएनए पटकन घेतात, आठवड्यात उत्तर मिळतं. पण त्या मूळच्या मूत्रपिंडाच्या. स्नायुपेशीचं पटल आकुंचनाच्या ताणाने दिवसभर फाटत असतं आणि ते बुजवणं हे डिस्फर्लिनचं मुख्य काम. सुमारे २३० किलोडाल्टनचं, २०८० अमिनो आम्लांचं हे प्रथिन. त्याला सात सी-टू भाग असतात आणि शेपटीने ते पटलात रोवलेलं असतं. जखमेतून कॅल्शियम आत शिरलं की आतल्या पिशव्या जखमेपाशी येऊन तिथल्या पटलाशी जोडल्या जातात आणि भोक बंद होतं. त्याचा नातेवाईक एका सूतकृमीत आधी सापडला होता, फर-१ नावाचा, तिथे तो शुक्रपेशीतल्या पिशव्या पटलाशी जोडतो. ‘फर्लिन’ हे घराण्याचं नाव तिथून आलं. १९९८ मध्ये दोन वेगळ्या गटांनी माणसातलं हे जनुक एकाच वेळी जाहीर केलं.

तर स्नायुपेशीच हव्यात. सी-टू-सी-ट्वेल्व्ह ही पेशींची लाइन सगळ्यांच्या हातातली. १९७७ मध्ये याफे आणि सॅक्सेल यांनी उंदराच्या मांडीच्या स्नायूतून काढलेल्या पेशींची ही उपशाखा. भराभर वाढते, घोड्याचं सीरम दिलं की चारपाच दिवसांत तिच्या पेशी एकमेकींना जोडून स्नायूच्या नळ्या होतात. अडचण अशी की तिच्यात उंदराचं स्वतःचं डिस्फर्लिन असतं, आणि आम्हाला माणसाच्या प्रथिनातला बदल तपासायचा आहे, तोही दुसरं काही सोबतीला नसताना.

शेवटी ठरलं ते मानवी मायोब्लास्टवर, म्हणजे स्नायू होण्याआधीच्या पेशींवर. डिस्फर्लिन नसलेल्या रुग्णाच्या स्नायूतून काढलेल्या आणि अमर केलेल्या पेशी. सीडीके-४ आणि टेलोमरेज ही दोन जनुकं घातली की माणसाचे मायोब्लास्ट थकत नाहीत आणि स्नायू व्हायचंही विसरत नाहीत. पॅरिसच्या मायोलॉजी संस्थेत हे तंत्र पक्कं झालं, आज जगभर वापरतात. आमच्याकडे आलेली लाइन अशीच, कराराने मिळालेली. ड्राय आइसवर प्रवास करून आली, सध्या द्रव नायट्रोजनमध्ये आहे.

२२ जून

आजची बैठक लांबली. विषय होता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे माहितीतले नमुने. लॅबमधल्या सीनियर दादाचं म्हणणं, “एक चांगला, एक वाईट नमुना ठेवा आणि तीन बदल लावून टाका. पैसे तेवढेच आहेत.” मॅडम ऐकेनात. जनुकबदलांचा अर्थ लावणाऱ्या क्लिनजेन गटाच्या २०१९च्या शिफारशींत आकडा स्पष्ट आहे: फार काटेकोर संख्याशास्त्रीय विश्लेषण नसेल तर रोगकारक आणि निरुपद्रवी मिळून निदान अकरा माहितीतले बदल त्याच कसोटीतून पार पडले पाहिजेत, तरच तिचा निकाल ‘मध्यम’ दर्जाचा पुरावा धरता येतो. त्याहून कमी असतील तर आमचा ब्लॉट (प्रथिनाच्या पट्ट्यांचं चित्र) कितीही देखणा असो, डॉक्टरांना त्यावर बदलाचा खाना हलवता येणार नाही.

मी मॅडमच्या बाजूची. पेशीत एखादं प्रथिन कमी दिसलं एवढ्याने काही सिद्ध होत नाही. निरोगी माणसांत आढळणारे बदलही थोडंफार कमी-जास्त करतातच. किती कमी म्हणजे आजार, ही रेघ आखायला दोन्हीकडचे नमुने लागतात.

वाईटांच्या यादीत हे तिघे नक्की (नावात पहिलं अक्षर मूळ अमिनो आम्लाचं, आकडा जागेचा, शेवटचं अक्षर नव्या आम्लाचं):

व्ही६७डी, पहिल्याच सी-टू भागातला. कॅल्शियमच्या साथीने पटलाला चिकटण्याची ताकद जाते.

आर५५५डब्ल्यू. घडी चुकते म्हणून पेशीचा प्रोटिओसोम ते मोडीत काढतो. २०१२ मध्ये रुग्णाच्याच पेशींत दाखवलं गेलं की प्रोटिओसोम रोखला तर प्रथिन परत दिसतं आणि पटलदुरुस्तीही सुधारते.

एल१३४१पी. हे पटलापर्यंत पोचतच नाही.

बाकीचे पुढच्या आठवड्यात. निरुपद्रवी बाजूला लोकसंख्येत भरपूर आढळणारे, निरोगी माणसांत दोन्ही प्रतींवर सापडलेले बदल घ्यायचे.

२९ जून

उद्या पालख्या शहरात, रस्ते बंद राहतील. म्हणून नायट्रोजनची गाडी आजच बोलावली आणि कार्बन डायऑक्साइडचा राखीव सिलिंडरही भरून घेतला. पेशी आज बाहेर काढल्या. ३७ अंशांच्या पाण्यात व्हायल, बर्फाचा शेवटचा खडा उरला की लगेच गरम मीडियात. संध्याकाळपर्यंत बहुतेक चिकटल्या होत्या.

६ जुलै

मायकोप्लाझ्मा या जिवाणूची पीसीआर निगेटिव्ह. पहिला पॅसेज केला, म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या प्लेटांत वाटल्या. मायोब्लास्टच्या बाबतीत एक नियम मोडायचा नाही, प्लेट ७० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही. पेशी एकमेकींना टेकल्या की त्यांतल्या काही आपणहून स्नायू व्हायला लागतात, आणि स्नायू झालेली पेशी पुन्हा विभागत नाही. मागे राहतात त्या न जोडल्या जाणाऱ्या. असं दोनचार पॅसेज झालं की लाइन हातातून जाते, आणि ती गेलीय हे कळायला महिना लागतो. ज्युनियरला हे सूक्ष्मदर्शकाखाली बसवूनच दाखवलं. रविवारची पाळीही वाटून घेतली.

पावसाळा असल्यामुळे बुरशीची धास्ती आहे. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर सोमवारी बदलायचं, दारावर कागद चिकटवलाय.

१८ जुलै

डिस्फर्लिनचं काम रखडतं ते बहुतेक वेळा आकारामुळे. नुसती कोडिंग साखळीच सव्वासहा हजार अक्षरांची. एएव्ही विषाणूत जेमतेम पावणेपाच हजार मावतात. जनुकोपचारवाल्यांची डोकेदुखीही तीच, म्हणून ते दोन तुकडे वेगवेगळ्या विषाणूंत घालून पेशीत जोडायचा प्रयत्न करतात. लेंटिव्हायरसमध्ये बसतं, पण विषाणूंचं उत्पादन घसरतं आणि एका पेशीत किती प्रती शिरतील यावर ताबा राहत नाही.

प्रतींचा मुद्दा आमच्यासाठी कळीचा. घडी चुकलेलं प्रथिन पेशीत भरमसाठ बनवलं तर मोडीत काढणारी यंत्रणा तुंबते आणि उरलेलं प्रथिन पटलावर पोचून सगळं ठीक असल्याचा भास होतो. म्हणून पेशींच्या १९व्या गुणसूत्रावर, एएव्हीएस-१ या ठरलेल्या जागी, एक गाळा बनवून घेतलाय. प्रत्येक बदल त्याच गाळ्यात, एकच प्रत, एकाच प्रमोटरखाली (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा). पुढे जो फरक दिसेल तो बदलामुळेच, असं म्हणायची सोय होते. सीएमव्ही प्रमोटर टाळला. लांबच्या कल्चरमध्ये तो कित्येकदा गप्प होतो, आणि आम्हाला मायोट्यूब, म्हणजे पेशी जोडून झालेल्या स्नायूच्या नळ्या, होईपर्यंत पेशी सांभाळायच्या आहेत.

सगळे प्लाझ्मिड (ही साखळी वाहून नेणारे डीएनएचे गोल) पूर्ण लांबीचे वाचून घेतले. एवढ्या लांब साखळीत पीसीआरने भलत्याच ठिकाणी एखादं अक्षर बदललेलं असू शकतं. एका बदलाच्या पहिल्या क्लोनमध्ये तसं निघालंही, तो टाकून पुढचा घेतला.

९ ऑगस्ट

आज पहिल्या खऱ्या मायोट्यूब.

सोमवारी प्लेट भरल्या होत्या, वाढीचा मीडिया काढून दोन टक्के घोड्याचं सीरम आणि इन्सुलिन दिलं. पहिल्या दिवशी काही नाही, फक्त वाढ थांबते. दुसऱ्या दिवशी चकलीच्या तुकड्यांसारख्या वाकड्यातिकड्या पडलेल्या पेशी सरळ होऊन एका दिशेने ओळी धरू लागल्या. आज पाहिलं तर लांबच लांब नळ्या झालेल्या, एकेकीत डझनावारी केंद्रकं, काहींत रांगेने, काहींत मधोमध घोळका करून. नळीची कड फेज कॉन्ट्रास्टमध्ये चमकते. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे तिसरी एक तर्कुसारखी एकटी पेशी टोकाने टेकलेली होती, तासाभराने पुन्हा पाहिलं तर तिचं टोक दिसेना, पोट तेवढं बाहेर. प्लेट उचलून आत ठेवायला जीव होत नव्हता.

मायोसिनचा रंग आणि केंद्रकांचा डॅपी हा रंग लावून फ्युजन इंडेक्स काढला, म्हणजे एकूण केंद्रकांपैकी किती नळ्यांच्या आत आहेत ते. सगळ्या लाइन एकमेकींच्या जवळ आहेत. हे आधी बघणं भाग होतं. डिस्फर्लिन मायोट्यूब होताना वाढत जातं. एखादी लाइन कमी जोडली गेली तर तिच्यात ते कमीच दिसणार, आणि दोष मात्र बदलाच्या माथी बसणार.

पाचव्या दिवसानंतर नळ्या प्लॅस्टिकवरून सुटायला लागतात. मॅट्रिजेल या जेलीचा पातळ थर दिला की आणखी दोनतीन दिवस टिकतात. मॅट्रिजेल रात्रभर चार अंशांवर बर्फात वितळवायचं, पिपेटचे टिपही थंड. खोलीच्या तापमानाला आलं की ते लगेच गोठतं.

२३ ऑगस्ट

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची. एवढं मोठं प्रथिन नेहमीच्या दहा टक्के जेलमधून बाहेरच पडत नाही. तीन ते आठ टक्के ट्रिस-ॲसिटेट जेल, थंड खोलीत कमी व्होल्टेजवर रात्रभर ट्रान्सफर, बफरमध्ये मिथेनॉल कमी आणि एसडीएसचा किंचित अंश. सकाळी पाँसो हा रंग लावला तर वरच्या टोकापर्यंत गुलाबी पट्ट्या स्वच्छ.

अँटिबॉडी दोन. हॅम्लेट शेपटीकडचा भाग ओळखते, रोमिओ डोक्याकडचा. दोन्ही लावायच्या, कारण पटलाला जखम झाली की कॅल्पेन नावाचं एंझाइम डिस्फर्लिनला कापतं आणि शेपटीकडचा सुमारे ७२ किलोडाल्टनचा तुकडा वेगळा होतो. फक्त हॅम्लेट लावली आणि तो तुकडा दिसला तर नवख्याला वाटतं प्रथिन तुटलेलंच बनतंय. हा काप ४०-अ या एक्झॉनवर (जनुकातला प्रथिनात उतरणारा तुकडा) अवलंबून आहे आणि तो एक्झॉन प्रथिनाच्या सगळ्या रूपांत नसतो.

प्रत्येक खान्यात सारखंच प्रथिन घातलंय ना हे बघायला व्हिन्क्युलिन, शिवाय मायोसिनशी गुणोत्तर.

३० ऑगस्ट

पहिला पूर्ण संच.

क: जेमतेम पुसट पट्टी, आर५५५डब्ल्यूच्या शेजारी बसेल अशी. उरलंसुरलं प्रथिन केंद्रकाभोवतीच्या जाळ्यात अडकलेलं, पटलावर जवळपास नाही.

ख: सामान्यसारखीच भरघोस पट्टी, पटलावरही व्यवस्थित.

ग: तेच. सामान्य.

कंट्रोल जागच्या जागी आहेत. वाईट तिकडे, निरुपद्रवी इकडे, मध्ये मोकळी जागा. ही मोकळी जागा बघून बरं वाटलं, ती नसती तर क बद्दल एक शब्द बोलता आला नसता.

५ सप्टेंबर

क च्या नळ्यांना प्रोटिओसोम रोखणारं एमजी-१३२ दिलं, रात्रभर नाही, काही तासच. मायोट्यूबना ते विषारी आहे, सकाळपर्यंत निम्म्या नळ्या आकसतात. पट्टी वाढली. म्हणजे प्रथिन बनतंय, घडी चुकल्याने मोडीत निघतंय.

२०२२ मध्ये ४-फिनाइलब्युटिरेटबद्दल निबंध आला होता. डिस्फर्लिनच्या काही घडी-चुकल्या बदलांना त्याने पटलापर्यंत नेता येतं असं पेशींत दाखवलंय. युरियाचक्राच्या विकारांसाठी हे औषध आधीच मान्य आहे. क वर ते लावून बघायचंय. पण हे अहवालात अजिबात लिहायचं नाही, असं मॅडमनी बजावलं आणि मला ते पटलं. प्लेटमध्ये दिसलेल्या पट्टीवरून कुणी औषधाच्या दुकानात जाऊ नये.

१९ सप्टेंबर

विसर्जनानंतर आज सगळे परत. ख आणि ग बद्दल सीनियर दादा म्हणाला, “दोन्ही निरुपद्रवीकडे, विषय संपला.” मी ख चा मूळ अहवाल पुन्हा उघडला होता, तो त्याच्यासमोर ठेवला.

ख मध्ये जी च्या जागी ए आलंय, आणि ते अक्षर एक्झॉनचं अगदी शेवटचं अक्षर आहे. अहवालात त्याची नोंद अमिनो आम्ल बदलणारा बदल म्हणून आहे, त्यामुळे आम्हीही त्याला प्रथिनाचाच प्रश्न विचारला. पण एक्झॉन संपतो तिथे कापून जोडण्याची यंत्रणा त्या अक्षरांवर बसते, आणि बहुतेक एक्झॉनांचं शेवटचं अक्षर जी असतं. ते गेलं तर यंत्रणा एक्झॉनची कड ओळखायला चुकू शकते आणि अख्खा एक्झॉन गाळला जातो. आमच्या गाळ्यात घातलेल्या साखळीत इंट्रॉनच (एक्झॉनांच्या मधले, कापून टाकले जाणारे तुकडे) नाहीत. तिथे कापायचं-जोडायचं काम आधीच उरकलेलं. मग असा दोष त्या पेशींत दिसणार कसा? ख ला आम्ही परीक्षेला बसवलं, पण त्याच्या विषयाचा पेपरच दिला नाही.

दादा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मिनिजीन कर.” मॅडमनी लगेच होकार दिला. ग चं अक्षर एक्झॉनच्या मधोमध आहे, तरी त्याचंही मिनिजीन सोबत करायचं ठरलं.

१४ ऑक्टोबर

मिनिजीन तयार. जनुकातला तो एक एक्झॉन आणि दोन्ही बाजूंचे इंट्रॉनचे तुकडे, वाहकातल्या दोन तयार एक्झॉनांच्या मध्ये. हे स्नायुपेशींतच घालायचं, कारण कुठला एक्झॉन ठेवायचा नि कुठला गाळायचा हे ऊतीप्रमाणे बदलतं. इलेक्ट्रोपोरेशननंतर मायोब्लास्टच्या टप्प्यावर एकदा आणि नळ्या झाल्यावर एकदा आरएनए काढायचा.

मधे वीज गेली होती, जनरेटर लगेच सुरू झाला, इन्क्युबेटरचं तापमान ढळलं नाही.

२५ ऑक्टोबर

जेलचं चित्र वहीत चिकटवलंय.

सामान्य मिनिजीन: एकच पट्टी, एक्झॉनसकट.

ग: तीच.

ख: ठळक पट्टी खाली, लहान आकाराची. वरच्या जागी फक्त धूसर सावली. मायोब्लास्टमध्येही तेच, नळ्यांतही तेच.

खालची पट्टी कापून वाचून घेतली. एक्झॉन पूर्ण गाळलेला, आधीचा आणि नंतरचा थेट जोडलेले. त्या एक्झॉनची लांबी तीनाने भागली जात नाही, म्हणजे पुढची सगळी तीन-तीन अक्षरांची मांडणी सरकते, लवकरच थांब-खूण येते आणि असा आरएनए पेशी बहुधा नष्ट करते. प्रथिन शून्याच्या जवळ.

ऑगस्टच्या ब्लॉटवर थांबलो असतो तर हा बदल निरुपद्रवीकडे ढकलणारा कागद आमच्या सहीने गेला असता. त्या ब्लॉटमध्ये खोट काहीच नव्हती, त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. एक्झॉनच्या कडेपासून जवळ असलेल्या प्रत्येक बदलाचं मिनिजीन आधी, प्रथिन नंतर, असा क्रम यापुढे लॅबमध्ये राहणार. मॅडमनी तो पद्धतीच्या फाइलमध्ये घातला.

दिवाळीआधी सगळ्या लाइनचे साठे गोठवून घेतले.

२१ नोव्हेंबर

लेसरवर वेळ मिळाला. पटलदुरुस्तीची ही चाचणी २००३ मध्ये आयोवाच्या कॅम्पबेल यांच्या गटाने डिस्फर्लिन नसलेल्या उंदरांच्या स्नायुतंतूंवर दाखवली, आणि डिस्फर्लिन नक्की करतं काय याचं पहिलं थेट उत्तर तिथून मिळालं.

काचेच्या तळाच्या डिशमध्ये नळ्या, द्रवात एफएम १-४३ हा रंग. पाण्यात तो जवळपास दिसत नाही, पटलाच्या मेदात शिरला की उजळतो. दोन-फोटॉन लेसरने नळीच्या कडेवर बारीक भोक पाडायचं आणि काही मिनिटं बघत राहायचं. निरोगी नळीत जखमेपाशी एक ठिपका उजळतो, मिनिटभरात वाढायचा थांबतो, कड पुन्हा अखंड. डिस्फर्लिन नसलेल्या नळीत रंग थांबत नाही. जखमेकडून आत पसरत जातो, एकेका केंद्रकाच्या भोवती पोचतो, शेवटी तो भाग आकसून वर उचलला जातो. कॅल्शियम काढून घेतलं तर निरोगी नळीचंही हेच होतं, तो आमचा कंट्रोल.

डिशवरची नावं ज्युनियरने बदलून ठेवली होती. कुठली डिश कुठल्या बदलाची हे मोजणी संपेपर्यंत मला माहीत नव्हतं. हे फार गरजेचं आहे, कारण कुठली नळी घ्यायची हे हात ठरवतो, आणि हाताला अपेक्षा कळते. जाड आणि बारीक नळ्यांत रंग वेगळ्या वेगाने भरतो, म्हणून जाडीची मर्यादाही आधीच लिहून ठेवली होती.

पाकीट उघडलं. क दुरुस्त होत नाही, आर५५५डब्ल्यूच्या बरोबरीने. ग निरोगीसारखी. ख निरोगीसारखी, आणि तशीच असायला हवी होती, कारण डिशमधल्या ख ला एक्झॉन गाळायची संधीच नाही.

१२ डिसेंबर

रक्ताचे निकाल डॉक्टरांकडून आले. डिस्फर्लिन रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्येही असतं, त्यामुळे सुई टोचून रक्त घेऊनही ते मोजता येतं. बायोप्सीचा तुकडा काढावा लागत नाही. नमुना लवकर पोचला पाहिजे आणि मोनोसाइट वेगळे करायला हवेत, एवढंच.

ख च्या रुग्णात डिस्फर्लिन जवळपास नाहीच. मिनिजीनने जे सांगितलं ते माणसाच्या रक्तात तसंच निघालं. क मध्येही फार कमी. ग मध्ये सामान्य.

ख साठी मी आणखी एक गोष्ट मागितली आहे, त्वचेचा छोटा नमुना. १९८७ मध्ये मायो-डी या एका जनुकाने त्वचेचे फायब्रोब्लास्ट स्नायुपेशी होऊ लागतात हे दाखवलं गेलं. त्याच युक्तीने रुग्णाच्या स्वतःच्या जनुकातून, त्याच्या सगळ्या इंट्रॉनसकट बनलेल्या मायोट्यूब मिळतील. मिनिजीन हा जनुकाचा एक तुकडा आहे. अख्खं जनुक काय करतं ते बघितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. रुग्णाने होकार दिल्याचं डॉक्टरांनी कळवलंय.

९ जानेवारी २०२५

न्यूरोलॉजिस्ट आणि जनुक-समुपदेशक यांच्यासोबत बैठक.

क च्या दुसऱ्या प्रतीवर आधीच माहीत असलेली थांब-खूण आहे, आणि आईवडिलांच्या तपासणीतून दोन्ही बदल वेगवेगळ्या बाजूंनी आलेत हे सिद्ध झालंय. आमच्या कसोटीचा निकाल धरून क ‘बहुधा रोगकारक’कडे जाईल असं त्यांचं मत. पॉलिमायोसायटिस म्हणून सुरू असलेलं स्टेरॉइड हळूहळू उतरवायचा निर्णय डॉक्टरांनी त्याच बैठकीत घेतला.

ख दोन्ही प्रतींवर आहे. आईवडील मामे-आते भावंडं. आपल्याकडे हे लग्न पिढ्यान्‌पिढ्या घरोब्यातून होत आलंय, आणि समुपदेशक ताई म्हणाल्या ते मनाला लागलं: “घरात गेल्यावर पहिला प्रश्न आई विचारते, माझ्यामुळे झालं का? तिला आधी सांगायचं की असे दोनचार दोष प्रत्येकाच्या जनुकांत असतात, तुमच्यात नि यजमानांत नेमका एकच होता. मग बाकीचं.” धाकट्या बहिणीची तपासणी आता अर्थपूर्ण आहे. ती वाहक असली तरी तिला स्वतःला आजार होणार नाही, हेही त्याच भेटीत सांगायचं ठरलं.

ग वर बराच वेळ गेला. डिस्फर्लिनमध्ये दुसरा बदल सापडलेला नाही, प्रथिन सामान्य, दुरुस्ती सामान्य, जोडणी सामान्य, रक्तातही सामान्य. तरी पोटऱ्या कमजोर आहेत आणि सीके चढलेलं आहे. अशा रुग्णात अॅनोक्टामिन-५ हे दुसरं जनुक बघायला हवं असं मी सुचवलं. २०१० मध्ये त्याचा मियोशीसारख्या आजाराशी संबंध जोडला गेला. उत्तर युरोपात तो जास्त दिसतो, म्हणून इथल्या पहिल्या अहवालात त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. डॉक्टर जुनी जनुकवाचनाची फाइल त्या दृष्टीने पुन्हा उघडणार आहेत. या माणसाला आमच्याकडून आजाराचं नाव मिळालं नाही, पण डिस्फर्लिनच्या नावाखाली तो आणखी काही वर्षं अडकून राहणार नाही.

२० जानेवारी

ख चा त्वचेचा नमुना आला. तुकडे करून प्लेटला लावले, काचेच्या पट्टीखाली दाबून. कडेने फायब्रोब्लास्ट बाहेर यायला दोनेक आठवडे लागतील, त्यानंतर मायो-डी. क वर ४-फिनाइलब्युटिरेटचे डोस ठरवायला उद्या नवी प्लेट. न्यूरोलॉजिस्टांकडून आणखी दोन अहवाल आलेत. त्यातला एक बदल एक्झॉनच्या कडेपासून तिसऱ्या अक्षरावर आहे, त्याच्या मिनिजीनचे प्रायमर आज मागवले.